‘टांबो’ अशुद्ध नव्हतं

१६०९ साली लिस्बनमध्ये छापलेल्या एका ग्रंथाच्या सुरुवातीलाच एक तक्रार आहे. ग्रंथाचं नाव ‘कोमेन्तारियोस रेआलेस’, लेखक इंका गार्सिलासो दे ला वेगा. आई इंका राजघराण्यातली, बाप स्पॅनिश कप्तान, जन्म १५३९चा, कुस्कोचा. विशीत त्याने पेरू सोडलं आणि उरलेलं आयुष्य स्पेनमध्ये काढलं. म्हातारपणी, समुद्रापार बसून, त्याने आईच्या भाषेची बाजू मांडायला घेतली. त्याचं म्हणणं असं, की स्पॅनिश लोकांनी आमची भाषा नासवली. या भाषेत ब नाही, द नाही, ग नाही. र आहे, पण सुटा ल नाही. मग ‘इंगा’ कुठून आलं? खरा शब्द ‘इंका’. ‘टांबो’ कुठून आलं? खरा शब्द ‘तांपु’, म्हणजे वाटेवरची धर्मशाळा. आणि ज्या नदीकाठी राजधानी वसली तिचं नाव ‘रिमाक’, म्हणजे बोलणारी. तिची यांनी ‘लिमा’ केली!

चारशे वर्षं ही तक्रार बहुतेकांनी जशीच्या तशी मान्य केली. तक्रारदार राजघराण्यातला, शिवाय जन्माने त्या भाषेचा. त्याच्याशी वाद कोण घालणार? पण कागद पुन्हा उलगडून पाहिले तर खटला इतका सरळ नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या स्पॅनिश लोकांनी इतर हजार गुन्हे केले असतील, हा मात्र बहुधा केला नव्हता.

पहिला साक्षीदार १५६०चा आहे. ज्या वर्षी तरुण गार्सिलासो स्पेनला जायला निघाला, त्याच वर्षी स्पेनमधल्या वायादोलिद शहरात फ्रान्सिस्को फर्नांदेस दे कोर्दोवाच्या छापखान्यातून दोन पुस्तकं बाहेर पडली: पेरूच्या ‘सर्वसाधारण भाषे’चं व्याकरण आणि तिचा शब्दकोश. या भाषेवरची ही पहिली छापील पुस्तकं, आणि ‘किचुआ’ (आजची ‘क्वेचुआ’) हे तिचं नावही छापात पहिल्यांदा इथेच आलं. कर्ता दोमिंगो दे सान्तो तोमास, सेव्हिलचा डोमिनिकन साधू. १५४० साली पेरूत आला, पुढे चार्कासचा बिशप झाला. मूळ रहिवाशांचा कैवार घेणाऱ्या लास कासासशी त्याचा पत्रव्यवहार होता, आणि इंडियन लोकांना जहागिरीत कायमचं बांधून टाकू नये म्हणून तो राजदरबारापर्यंत भांडला. इतिहासकार सिएसा दे लेओनने किनाऱ्यावरच्या लोकांची माहिती याच्याकडून मिळाल्याचं लिहून ठेवलं आहे. किनाऱ्यावरच्या, हे लक्षात ठेवायचं. दोमिंगोचं बरंचसं काम पेरूच्या कोरड्या, धुकट किनारपट्टीत झालं, लिमाच्या दक्षिणेच्या चिंचा खोऱ्यात धरून. कुस्को तिथून डोंगरांपलीकडे, फार दूर.

याच्या पुस्तकात शब्द कसे आहेत? इंगा. टांबो. सूर्याला कुस्कोत ‘इंति’ म्हणतात, इथे ‘इंदि’. म्हणजे गार्सिलासो ज्याला भ्रष्ट म्हणतो तीच रूपं, त्याच्या ग्रंथाच्या एकोणपन्नास वर्षं आधी, व्याकरण लिहिणाऱ्या जाणकार माणसाच्या हातची.

स्पॅनिश कानाला ऐकू आलं नसेल, हा युक्तिवाद इथे टिकत नाही. म नंतरचा प आणि म नंतरचा ब, न नंतरचा त आणि न नंतरचा द, या सगळ्या जोड्या स्पॅनिशमध्ये नांदतात. ‘तान्तो’ही आहे आणि ‘क्वान्दो’ही. ज्याच्या स्वतःच्या भाषेत हा भेद आहे, त्याला समोरचा ‘तांपु’ म्हणत असताना ‘टांबो’ ऐकू येण्याचं काही कारण नाही. चूक एखाद्या शब्दात होते. दरवेळी अनुनासिकानंतरच आणि नेमाने होऊ लागली, तर ती चूक राहत नाही; तो त्या बोलीचा नियम असतो. दोमिंगोने ऐकलं तेच लिहिलं. फक्त त्याने ऐकलेले लोक गार्सिलासोच्या आईच्या वाड्यातले नव्हते.

शिवाय स्पॅनिश फौज किनाऱ्यानेच देशात शिरली. पिझारोचे पहिले दुभाषी, फेलिपियो आणि मार्तिनियो, ही उत्तरेच्या किनाऱ्यावरून उचललेली पोरं. परक्यांच्या तोंडी पहिले शब्द बसले ते त्यांच्याकडून, आणि मग त्यांनी ते डोंगरात, पार कोचाबांबापर्यंत नेले. ‘पांपा’ म्हणजे मैदान; पण गावांच्या नावांत ‘बांबा’: उरुबांबा, रिओबांबा, कोचाबांबा. एकाच शब्दाच्या दोन वाटा नकाशावर अजून शेजारी शेजारी दिसतात.

आता इक्वादोरकडे पाहा. तिथल्या किचुआत आजही ‘इंदि’ आणि ‘तांबु’ म्हणतात. काळजाला कुस्कोत ‘सोन्को’, तिकडे ‘शुंगु’. दोमिंगोचा किनारा आणि इक्वादोर यांच्यामध्ये शेकडो कोसांचं अंतर, मग उच्चार एक कसा? पेरूचे भाषाशास्त्रज्ञ अल्फ्रेदो तोरेरो यांनी याचं उत्तर व्यापारात शोधलं. क्वेचुआ कुस्कोहून निघून सगळीकडे पसरली ही जुनी समजूत त्यांनी आणि अमेरिकेच्या गॅरी पार्करने १९६३-६४मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, मोडीत काढली. बोलींचा सर्वात मोठा पसारा मध्य पेरूत आहे, आणि जिथे फाटे जास्त तिथे मूळ जुनं. कुस्को हा त्या वृक्षाचा एक दक्षिणेकडचा फाटा. तोरेरोंच्या मते उत्तरेला गेलेली भाषा इंकांच्याही आधी चिंचाच्या व्यापाऱ्यांनी वाहून नेली. या तर्काला पुढे एक कागद येऊन मिळाला. मारिया रोस्त्वोरोव्स्की यांनी १९७०मध्ये प्रसिद्ध केलेल्या सोळाव्या शतकातल्या एका टिपणात चिंचाच्या ३०,००० करदात्यांपैकी बहुतेकांची फोड आहे: १२,००० शेतकरी, १०,००० कोळी आणि ६,००० व्यापारी. हे व्यापारी एकीकडे कुस्कोपर्यंत, दुसरीकडे आजच्या इक्वादोरच्या किनाऱ्यापर्यंत जात. आकडे असे गोल आले की मी जरा जपून वाचतो. कुणीतरी आठवून सांगितलेले असतात. पण सहा हजार नसतील तरी व्यापारी होते, आणि ते उत्तरेला जात होते, एवढं त्या कागदावरून धरायला हरकत नाही.

फक्त ‘इंदि’ दोन्हीकडे आहे म्हणून भाषा चिंचाहूनच गेली, हे मला पुरेसं वाटत नाही. अनुनासिकानंतर व्यंजन मृदू होणं ही जगभरात आपोआप घडणारी गोष्ट आहे. आपल्या ‘पंच’चं पंजाबीत ‘पंज’ झालं, ‘दंत’चं ‘दंद’. त्यासाठी कुठल्या चिंचाकराला लाहोरला जावं लागलं नाही. तोरेरोंचा व्यापारी मार्ग खरा असू शकतो, पण तो या एका ध्वनीवर उभा करू नये. आपल्या खटल्यापुरतं एवढंच पुरे, की ‘टांबो’ म्हणणारे क्वेचुआभाषक होते, आजही आहेत, आणि ते स्पॅनिशांकडून बिघडलेले नाहीत.

लिमाचं प्रकरण अधिक गमतीचं आहे. स्पॅनिशांनी शहर १५३५च्या जानेवारीत वसवलं आणि त्याला नाव दिलं ‘सियुदाद दे लोस रेयेस’, राजांचं शहर. ते नाव दस्तऐवजात राहिलं. लोकांच्या तोंडी ‘लिमा’ टिकलं. गार्सिलासोचं म्हणणं, ‘रिमाक’चा र स्पॅनिशांनी ल केला. आता स्पॅनिश माणसाला र म्हणता येत नाही हे ऐकून कुणालाही हसू येईल. त्यांच्या भाषेत एक सोडून दोन र आहेत.

मग ल आला कुठून? याचं उत्तर कागदात सापडत नाही, डोंगरात सापडतं. लिमाच्या दक्षिणेला, त्याच विभागात, यौयोस नावाचा प्रांत आहे: उभे कडे, त्यावर पायऱ्या पायऱ्यांची शेतं, दरीत कान्येते नदी. तिथल्या काही गावांत क्वेचुआची एक बोली अजून जिवंत आहे, किंवा परवापर्यंत तरी होती. एविवा शिमेलमन यांनी तिचं सविस्तर व्याकरण लिहिलं, ते २०१७ साली प्रसिद्ध झालं. त्यांनी बोलणाऱ्यांची संख्या सुमारे ४५० सांगितली आहे, आणि त्यातले बहुतेक साठी ओलांडलेले. या ४५०मध्येही गावागणिक फरक आहे. काक्रा आणि ओंगोस या गावांत जुन्या र च्या जागी ल येतो. माणूस म्हणजे सगळीकडे ‘रुना’, इथे ‘लुना’. पूर्वेकडे मान्तारो खोऱ्यातल्या हुआन्का क्वेचुआतही काही भागात हेच. म्हणजे लिमाच्या अवतीभवती र ला ल म्हणणारे क्वेचुआभाषक होते आणि आहेत. स्पॅनिशांनी खोऱ्यातल्या माणसांना विचारलं, नदीचं नाव काय, आणि त्यांनी आपल्या उच्चारात ते सांगितलं. हुआन्का खोऱ्यातले भाषाशास्त्रज्ञ रोदोल्फो सेर्रोन-पालोमिनो यांनी ‘लिमा’ हे स्थानिक रूपच असल्याचं मांडलं आहे. मला ते पटतं.

इथे गार्सिलासोची चूक कळते, आणि तिच्याबद्दल थोडा जिव्हाळाही वाटतो. राजधानीत वाढलेल्या माणसाला बाहेरगावची बोली ही बोली वाटतच नाही, बिघाड वाटतो. ‘आनि’ आणि ‘पानी’ ऐकून नाक मुरडणारे आपल्याकडे काय कमी झाले? फरक इतकाच, की गार्सिलासोने तो बिघाड आपल्याच बाहेरगावच्या लोकांच्या माथी न मारता जेत्यांच्या माथी मारला.

दुसरीकडे त्याचंच शंभर टक्के बरोबर होतं, तेही सांगायला हवं. ‘वाका’ म्हणजे पवित्र वस्तू, देवस्थान. तो लिहितो, की या शब्दाचं शेवटचं अक्षर टाळूच्या वरच्या भागातून काढलं तर देवस्थान, आणि घशात खोल नेऊन काढलं तर ‘रडणे’. हा भेद न कळल्यामुळे काही इतिहासकारांनी लिहून टाकलं, की इंडियन लोक देवळात रडत रडत जातात! क्वेचुआत क दोन आहेत: एक आपला नेहमीचा आणि एक पडजिभेजवळचा, उर्दूतल्या ‘क़लम’च्या क़ सारखा. कुस्कोकडे त्यावर आणखी झटका देऊन काढलेले आणि हकारयुक्त प्रकार. दोमिंगोच्या लिपीत हे काहीच नाही. स्पॅनिशमध्ये असे ध्वनीच नव्हते, म्हणून त्यासाठी अक्षरंही नव्हती. म्हणजे ज्या माणसाच्या ‘ब’वर विश्वास ठेवायचा, त्याच्याच ‘क’वर ठेवता येत नाही. एकाच साक्षीदाराचं एक वाक्य खरं आणि दुसरं निकामी, हे न्यायालयात चालत नसेल. जुन्या कागदात रोज चालतं.

ही अक्षरांची तंगी सोडवायचा प्रयत्न दिएगो गोन्सालेस ओल्गिन या जेझुइटाने केला. त्याचा मोठा कोश १६०८ला लिमात निघाला. त्याने अवघड ध्वनींसाठी अक्षरं दुप्पट केली: दोन पी, दोन टी, दोन सी, आणि मुखपृष्ठावर भाषेचं नावच दोन क्यू देऊन. हे पाहताना मराठी वाचकाला गोव्याची आठवण यावी. त्याच सुमारास, १६१६मध्ये, राशोलला छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त थॉमस स्टीफन्सने ट, ड, ण, ळ रोमनमध्ये उतरवताना तीच युक्ती केली, अक्षर दुप्पट करायची. तोही जेझुइटच.

ओल्गिनच्या कोशातच आपल्या खटल्यातला सर्वात सुंदर पुरावा आहे, आणि तो त्याने पुरावा म्हणून ठेवलेला नाही. आजच्या कुस्कोत स एकच आहे. घर ‘वासि’, मका ‘सारा’, चोर ‘सुवा’, तोंड ‘सिमि’, काळीज ‘सोन्को’, नाव ‘सुति’. सगळीकडे तोच स. पण ओल्गिन काय करतो? घर, मका, चोर हे तो सी किंवा शेपटीवाला सी घालून लिहितो. तोंड, काळीज, नाव हे एस घालून. पानं उलटत गेलं की हा नेम सहसा मोडत नाही.

त्या काळच्या स्पॅनिशमध्ये, निदान उत्तर आणि मध्य भागात, ही दोन अक्षरं दोन निराळे ध्वनी होते. शेपटीवाला सी दातांजवळचा. एस जिभेचं टोक वर उचलून काढलेला, परक्या कानाला थोडा श सारखा. सेव्हिलकडे हा भेद बुडायला लागला होता, म्हणून या बाबतीत सेव्हिलच्या दोमिंगोपेक्षा कासेरेसच्या ओल्गिनची साक्ष वजनदार. पीटर लँडरमनने १९८२च्या एका निबंधात हा गुंता सोडवला.

तरी शंकेखोर म्हणेल, ओल्गिनने आपल्या सवयीने लिहिलं असेल. आपणच नाही का ‘देश’ श ने आणि ‘भाषा’ ष ने लिहीत, दोन्ही उच्चार एकच करून? पण आपल्यामागे संस्कृतची परंपरा आहे, शाळेतल्या बाई आहेत. ओल्गिनमागे क्वेचुआच्या लेखनाची परंपरा म्हणजे जेमतेम पन्नास वर्षं. चोराला एक स आणि तोंडाला दुसरा, हे त्याला कानाने सांगितल्याशिवाय कळणार कसं? आणि आता पुन्हा यौयोसच्या डोंगरात जाऊ. तिथे घर ‘वासि’, मका ‘सारा’. पण तोंड ‘शिमि’, काळीज ‘शुन्कु’, नाव ‘शुति’. जिथे ओल्गिनने सी घातला तिथे स, आणि जिथे एस घातला तिथे श. एका जेझुइटाचा कोश आणि कधीही न लिहिलेली डोंगराळ बोली, चारशे वर्षांच्या आणि शेकडो मैलांच्या अंतरावरून, एकमेकांशी अक्षरागणिक जुळतात. कुस्कोतले हे दोन स पुढे एक झाले. ब्रूस मॅनहाइमने १९९१च्या पुस्तकात वसाहतकाळातल्या कागदांवरून त्याचा माग काढला आहे. म्हणजे शुद्धतेचं माहेर मानलेल्या कुस्कोनेच हा भेद गमावला, आणि आडगावांनी सांभाळला.

किनाऱ्याच्या बोलीचं मात्र कुणी उरलं नाही. साथी आणि बेगारीने खोरी ओस पडली, उरलेले स्पॅनिश बोलू लागले. लिमात १५८२-८३ला तिसरी धर्मपरिषद भरली, तिने प्रार्थना आणि प्रश्नोत्तरी यांसाठी प्रमाण म्हणून कुस्कोची भाषा धरली. १५८४ला तिचा ग्रंथ निघाला, पेरूत छापलेलं पहिलं पुस्तक, अंतोनियो रिकार्दोच्या छापखान्यातून. त्यानंतर जो क्वेचुआ लिहायला बसला तो या वळणाने लिहू लागला. यौयोसच्या शेजारच्या वारोचिरीतल्या दैवतांच्या कथा १६०८च्या सुमारास कुणी स्थानिकाने क्वेचुआत उतरवल्या; माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयातलं ते ३१६९ क्रमांकाचं हस्तलिखित अमूल्य आहे. पण तेही सर्वसाधारण भाषेत आहे. लिहिणाऱ्याचं गाव शब्दांमागून मधूनच डोकावतं, उच्चार फारसा सापडत नाही.

आणि एक ध्वनी असा आहे, ज्याबद्दल सगळे कागद मिळूनही काही सांगत नाहीत. आपल्याकडे ‘जग’ लिहिलं की दुनिया की ‘तू जग’, हे डोळ्यांना कळत नाही, कानांना कळतं. आयाकुचोच्या क्वेचुआतल्या ‘चाकि’चं त्याहून वाईट आहे. पाय म्हणजेही ‘चाकि’ आणि कोरडं म्हणजेही ‘चाकि’. तिथे आता कानालाही कळत नाही. मूळ भाषेत हे दोन निराळे च होते. एक आपल्या ‘चार’मधला. दुसरा जीभ ट च्या जागी वळवून काढलेला च; मराठी जिभेला तो जमायला पाच मिनिटं लागू नयेत. स्पॅनिशकडे च साठी एकच अक्षर. दोमिंगोच्या किनाऱ्यावर हे दोन्ही च वेगळे असते, तरी त्याच्या लेखणीतून ते एकच होऊन उतरले असते.

यौयोसमध्ये ते वेगळे आहेत. पाय ‘ट्राकि’, कोरडं ‘चाकि’. शिमेलमन यांनी ज्या गावांची बोली नोंदवली त्यांतलं एक, सान पेद्रो दे वाकारपाना, यौयोस प्रांतात नाही. ते सीमेपलीकडे डोंगरात, चिंचा प्रांतात येतं. दोमिंगो ज्या खोऱ्यात कान देऊन बसला होता, त्याच्याच वरच्या अंगाला. तिथली एखादी म्हातारी पाय दुखतो म्हणून सांगते तेव्हा तिची जीभ अजून टाळूकडे वळते.